खर्जाचें ओझें

एखाद्या कामासाठीं निर्माण झालेलें साधन, तें काम दुसऱ्या कोणीं उचलल्यावरही आपली जागा सहसा सोडीत नाहीं, असा अनुभव कलांच्या इतिहासांत वारंवार येतो. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या रंगमंचावर बेसगिटार वाजविणाऱ्याच्या पाठीशीं उभी असलेली, माणसाच्या खांद्याएवढी ध्वनिवर्धकाची पेटी हें याचें ठळक उदाहरण होय. विसाव्या शतकाच्या मध्यास ती जन्मास आली, वीस वर्षांत तिची भिंत झाली, आणि आतां ती रंगमंचावर असावी कीं नसावी याविषयीं वादकमंडळींत मोठा वाद चालूं आहे. तिच्यावांचून वाजविणें म्हणजे पायांखालची जमीन काढून घेतल्यासारखें आहे, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो कीं, तिची गरज होती तो काळ केव्हांच सरला; आतां ती वाहून नेणें ही केवळ पाठीला आणि कानांना शिक्षा आहे. हा वाद वरवर पाहतां यंत्रांचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न आपल्या मैफलींनाही लागू पडणारा आहे. वाद्याचा आवाज मोठा करावयाचा तो कोणासाठीं? ऐकणाऱ्यासाठीं कीं वाजविणाऱ्यासाठीं? या पेटीचा इतिहास पाहिल्यास प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें सांपडतें, म्हणून तो येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

बेस म्हणजे त्या संगीताचा खर्ज. तो चालूं असतांना सामान्य श्रोत्याच्या स्वतंत्रपणें लक्षांत येत नाहीं. पण बंद पडला कीं सारें गाणें उघडें पडतें. ताल आणि स्वर यांना जोडणारा सांधा तोच. हें काम पूर्वीं डबल बेस नांवाचें माणसाहून उंच असें तंतुवाद्य करीत असे. शांत दालनांत तें गंभीर आणि गोड वाजतें. पण नृत्यगृहांतील पितळी वाद्यें, ढोल आणि नाचणाऱ्यांचा गलका यांपुढें त्याचा टिकाव लागेना. वादक बोटें सोलून निघेपर्यंत तारा ओढीत, तरी दूरच्या श्रोत्यास त्यांचें वादन केवळ डोळ्यांनीं दिसे. अमेरिकेंतील सिॲटल शहरीं पॉल टटमार्क यानें १९३६ च्या सुमारास आडवें धरून वाजविण्याचें, विजेवर चालणारें बेसवाद्य बाजारांत आणलें. पण तें फारसें कोणीं घेतलें नाहीं. पुढें १९४६ च्या सुमारास एव्हरेट हल या बेसवादकानें निराळी युक्ति काढली. डबल बेस जमिनीवर ज्या खुंटावर टेकतो, त्या खुंटामध्येंच त्यानें मायक्रोफोन बसविला. 'अँप्लिफाइड पेग', म्हणजे आवाज वाढविणारा खुंट, या दोन शब्दांचा जोड होऊन त्याच्या कंपनीचें 'ॲम्पेग' हें नांव पडलें. हें नांव पुढें पुन्हां येणार आहे.

खरा पालट १९५१ सालीं झाला. रेडिओदुरुस्तीच्या धंद्यांतून वर आलेल्या लिओ फेंडर यानें कॅलिफोर्नियांतील फुलरटन येथें 'प्रिसिजन बेस' नांवाची गिटार तयार केली. तिच्या मानेवर पडदे होते, त्यामुळें बोट ठेवतांच सूर अचूक लागे. नांवांतील 'प्रिसिजन' शब्दाचा अर्थ हाच. ती खांद्याला अडकवून उभ्यानें वाजवितां येई आणि मोटारीच्या मागच्या बैठकीवर मावत असे. लायोनेल हँप्टन याच्या वाद्यवृंदांतील मंक माँटगमरी यानें १९५३ सालीं ती जॅझच्या रंगमंचावर आणली. परंतु या सोयीची एक किंमत होती. डबल बेसला पोकळ शरीर असतें. तें स्वतःच तारेचा आवाज वाढवितें. नवी गिटार भरीव लांकडाची. विजेवांचून ती जवळजवळ मुकीच. म्हणून फेंडर यानें १९५२ सालीं 'बेसमन' नांवाचा खास ध्वनिवर्धक काढला, त्यांत पंधरा इंचांचा एक ध्वनिक्षेपक होता आणि शक्ति सुमारें पंचवीस वॉट होती. हा ध्वनिवर्धक गिटारची नुसती जोड नव्हता. तो तिचें उरलेलें अर्धें शरीर होता. आजच्या वादांत पेटीचे कैवारी इतक्या कळकळीनें कां बोलतात, याचें बीज येथें आहे.

छोट्या दालनांत एवढी सामग्री पुरेशी होती. ॲम्पेगनें १९६० सालीं आणलेला बी-१५ हा ध्वनिवर्धक याच मापाचा होता. प्रवासांत त्याचें यंत्र पेटीच्या आंत उलटें लपे आणि वाजवितेवेळीं झांकण फिरवून वर येई. आवाज भरदार, स्वच्छ, पण बेताचा. तो स्टुडिओंत आणि क्लबांत इतका मान्य झाला कीं आजही जाणकार त्याचें नांव आदरानें घेतात. हल याला फाटलेल्या, कर्कश आवाजाचा तिटकारा होता. त्याच्या हयातभरच्या खटपटीचें सार म्हणजे हा बी-१५ होय.

मग भिंती कशा उभ्या राहिल्या? यासाठीं ध्वनिशास्त्रांतील दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या लागतात. बेसगिटारची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते. तिच्या ध्वनिलहरीची लांबी सत्तावीस फुटांहून थोडी अधिक भरते. कित्येक रंगमंच एवढे रुंदही नसतात. अशी लहर उत्पन्न करावयाची तर पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणजेच मोठे पडदे आणि मोठ्या पेट्या लागतात. शिवाय मनुष्याचा कान खर्जाच्या बाबतींत मंद आहे. मध्यम सुराइतकाच खर्ज मोठा वाटावयाचा तर त्याला कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो, हें फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. दुसरी गोष्ट अशी कीं, शक्ति दुप्पट केली म्हणून आवाज दुप्पट वाटत नाहीं. तो केवळ तीन डेसिबेलांनीं वाढतो. दुप्पट वाटण्यास शक्ति सुमारें दसपट करावी लागते. तेव्हां बेसवादकानें थोडें अधिक ऐकूं यावें म्हटलें कीं, त्याची सामग्री थोडी नव्हे, अनेक पटींनीं वाढणार हें ठरलेलेंच होतें.

आणि १९६० नंतर श्रोते खरोखरच अनेक पटींनीं वाढले. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स मंडळी सुमारें ५५,६०० लोकांपुढें उभी राहिली. व्हॉक्स कंपनीनें त्यांना शंभर वॉटांचे ध्वनिवर्धक करून दिले होते, आणि त्या काळीं ती मोठीच गोष्ट होती. पण त्या क्रीडांगणांतील ध्वनियंत्रणा खेळांच्या घोषणांसाठीं बसविलेली. तिच्यांतून खर्ज कोठून जाणार? वादकांस स्वतःचें वादन ऐकूं यावें अशी सोय तर मुळींच नव्हती. आपल्या सोबत्यांच्या मानेच्या आणि शरीराच्या हालचालींवरून आपण ताल धरीत असूं, असें ढोलवादक रिंगो स्टार यानें पुढें सांगितलें आहे. वर्षभरानें, २९ ऑगस्ट १९६६ रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर या मंडळींनीं असे दौरेच बंद केले. जगांतील सर्वांत लोकप्रिय वाद्यवृंदास स्वतःचें संगीत ऐकूं येत नव्हतें, हें त्यामागील एक मोठें कारण होतें.

यावर सांपडलेला पहिला उपाय म्हणजे पेट्या वाढविणें. लंडनमध्यें 'द हू' या मंडळींतील बेसवादक जॉन एंटविसल आणि गिटारवादक पीट टाउनशेंड यांनीं जिम मार्शल या कारागीर-दुकानदाराकडे अधिकाधिक जोराच्या यंत्रांचा आग्रह धरला, आणि १९६५ च्या सुमारास मार्शलचे शंभर वॉटांचे ध्वनिवर्धक व एकावर एक रचलेल्या पेट्या अस्तित्वांत आल्या. मौजेची गोष्ट अशी कीं, मार्शलच्या पहिल्या यंत्राचा नमुना फेंडरचा 'बेसमन' हाच होता. बेससाठीं काढलेलें यंत्र गिटारनें उचललें, गिटार मोठी झाली, म्हणून बेसला आणखी मोठें व्हावें लागलें. एकानें आवाज चढवावा, दुसऱ्यानें त्यावर कडी करावी, असा हा शेजाऱ्यांच्या भांडणासारखा प्रकार होता.

या स्पर्धेचा कळस अमेरिकेंत झाला. एव्हरेट हल यानें १९६७ सालीं आपली कंपनी विकली, आणि दोनच वर्षांनीं, १९६९ मध्यें, त्याच ॲम्पेगनें 'एस. व्ही. टी.' नांवाचा राक्षस बाहेर काढला. तीनशें वॉट शक्ति, चौदा निर्वात नळ्या, आणि दहा इंची आठ ध्वनिक्षेपकांची एकेक पेटी. मूळ रचनेंत अशा पेट्या दोन. यंत्र आणि पेटी मिळून ओझें दीडशें पौंडांच्या वर सहज जात असे. वादकांनीं त्या पेटीचें नांव 'फ्रिज' असें ठेवलें, तें तिच्या आकारावरून आणि ती जिन्यावरून चढवितांना होणाऱ्या हालांवरून. रोलिंग स्टोन्सनीं १९६९ च्या अमेरिकेच्या दौऱ्यांत याच यंत्राचे पहिले नमुने वापरले. फेंडरच्या १९५२ च्या ध्वनिवर्धकाहून याची शक्ति दसपटीहून अधिक. पण वर सांगितलेल्या हिशेबानें केवळ शक्तीच्या वाढीनें आवाज दुपटीहून थोडाच अधिक वाटणार. एवढ्या लाभासाठीं दोन माणसांनीं उचलावयाचें ओझें पत्करावें लागलें.

परंतु इतिहासाची गंमत अशी कीं, ही पेटी पूर्णावस्थेस पोंचली त्याच सुमारास तिचें मुख्य काम दुसऱ्यानें हातीं घेतलें होतें. इंग्लंडांत चार्ली वॉटकिन्स यानें १९६७ सालीं विंडसर येथील संगीतमहोत्सवांत एक हजार वॉटांची ध्वनियंत्रणा उभारली. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवासाठीं बिल हॅन्ली यानें लाखों लोकांस ऐकूं जाईल अशी योजना केली. प्रत्येक वाद्याचा आवाज एका मिक्सरमध्यें आणून, प्रमाण साधून, मोठ्या ध्वनिक्षेपकांवाटे श्रोत्यांकडे सोडण्याची पद्धत रूढ झाली. बेसगिटार तर तळहाताएवढ्या एका पेटीतून थेट मिक्सरला जोडतां येऊं लागली. रंगमंचाच्या कडेला तिरपे ठेवलेले ध्वनिक्षेपक वादकांस त्यांचा आवाज परत ऐकवूं लागले. म्हणजे १९७५ च्या आसपास, श्रोत्यांपर्यंत खर्ज पोंचविण्यास मोठ्या आणि सुसज्ज रंगमंचावर बेसवादकाच्या पेटीची गरज उरली नव्हती. पेटी मात्र तेथेंच राहिली.

याच संधिकाळीं एक विलक्षण प्रयोग झाला, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कॅलिफोर्नियांतील 'ग्रेटफुल डेड' या मंडळींनीं, ओस्ले स्टॅन्ली या ध्वनितज्ज्ञाच्या कल्पनेवरून, २३ मार्च १९७४ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोजवळील काउ पॅलेसमध्यें 'ध्वनीची भिंत' उभी केली. शेंकडों ध्वनिक्षेपक, पंचवीस हजार वॉटांहून अधिक शक्ति, सुमारें पंच्याहत्तर टन वजन. फिल लेश याच्या बेसगिटारच्या चारही तारांचे आवाज वेगवेगळ्या ध्वनिक्षेपकांतून काढण्याची सोय तींत होती. विशेष हें कीं, ती भिंत वादकांच्या पाठीशीं होती आणि तोच आवाज पुढें श्रोत्यांकडे जात होता. वादक जें ऐकत होते तेंच श्रोते ऐकत होते; मध्यें कोणी दुभाषा नव्हता. पण एका गांवीं कार्यक्रम चालूं असतां पुढच्या गांवीं दुसरा सांगाडा उभारावा लागे, आणि या खर्चाखालीं मंडळी दबून गेली. १९७४ च्या ऑक्टोबरांत त्या भिंतीचा उपयोग थांबला. एकाच साधनानें दोन्ही कामें उत्तम करतां येतात, पण त्याची किंमत कोणालाच परवडत नाहीं, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष होय.

आतां हानीचा विचार करूं. ३१ मे १९७६ रोजीं लंडनच्या चार्लटन फुटबॉल मैदानावर 'द हू' च्या कार्यक्रमाचा आवाज ३२ मीटरांवर १२६ डेसिबेल भरला, आणि जगांतील सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून गिनेसच्या ग्रंथांत त्याची नोंद झाली. पुढें लोकांचे कान बिघडविण्यास उत्तेजन नको म्हणून गिनेसनें हा विक्रमच नोंदविणें सोडून दिलें. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबेलांत दिवसाचे आठ तास काढतां येतात. दर तीन डेसिबेलांना ही मुदत निम्मी होते. या हिशेबानें १०० डेसिबेलांत पंधरा मिनिटें झालीं कीं दिवसाचा वांटा संपला. पेट्यांच्या स्पर्धेचा अग्रणी एंटविसल उत्तरायुष्यांत कानांनीं फारच अधू झाला होता. ब्रिटनमध्यें कामाच्या जागच्या गोंगाटाविषयींचे २००५ चे नियम एप्रिल २००८ पासून संगीतव्यवसायालाही लागू झाले, आणि वादकाचे कान ही त्याच्या मालकाचीही जबाबदारी ठरली.

मोठ्या पेटीचा दुसरा दोष कलेचा आहे. खर्ज एका दिशेनें न जातां चहूंकडे पसरतो. तो गायकाच्या मायक्रोफोनमध्यें शिरतो, भिंतींवर आदळून घुमतो, आणि शब्द गढूळ करतो. मिक्सरवर बसलेल्या माणसाला एखादा आवाज वाढवितां येतो. पण रंगमंचावरूनच जो अति होऊन येतो, तो त्याला कमी करतां येत नाहीं. आमटींत मीठ कमी पडलें तर घालतां येतें, अधिक पडलेलें काढतां येत नाहीं, तसेंच हें. लहान दालनांत पुष्कळदां सबंध कार्यक्रम या एका पेटीमुळें बिघडतो आणि श्रोते दोष मात्र गायकाला देतात.

या अडचणींवर तीन बाजूंनीं उपाय निघाले. पहिला, कानांत बसविण्याचे ध्वनिक्षेपक. जेरी हार्वी यानें ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठीं असे संच घडविले आणि १९९५ मध्यें त्यांतून एक कंपनीच उभी राहिली. दुसरा, वजनाचा. नव्या ध्वनिवर्धकांत विजेचा प्रवाह अत्यंत वेगानें चालूं-बंद करून काम साधतात, त्यामुळें उष्णतेंत वाया जाणारी शक्ति वांचते. पांचशें वॉटांचें यंत्र आतां दोन-तीन किलोंत होतें आणि हातपिशवींत मावतें. तिसरा, मोठ्या यंत्रांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या, पायाशीं ठेवावयाच्या छोट्या पेट्या. 'रश' या कॅनेडियन मंडळींतील गेडी ली यानें तर आपली बेसगिटार थेट यंत्रणेस जोडून पाठीमागचे ध्वनिवर्धक हलविले. रिकामी जागा वाईट दिसूं लागली तेव्हां २००२ च्या दौऱ्यांत त्यानें तेथें कपडे वाळविण्याचीं यंत्रें ठेवलीं आणि कार्यक्रमभर तीं फिरत राहिलीं; २००७ मध्यें त्यांच्या जागीं कोंबड्या भाजण्याच्या भट्ट्या आल्या. श्रोत्यांना खर्ज पहिल्यासारखाच ऐकूं येत होता. ही केवळ थट्टा नव्हती. पेटीचें काम आतां देखाव्यापुरतें उरलें आहे, हें त्यानें निबंध न लिहितां सिद्ध केलें.

मग पेटीच्या कैवाऱ्यांचें म्हणणें निव्वळ हट्टाचें काय? तसें वाटत नाहीं. आपल्याकडील गवयाचें उदाहरण घ्या. तंबोरे त्याच्या पाठीशीं, कानांजवळ असतात. त्यांचा झंकार श्रोत्यांनाही मिळतो. पण ते तेथें असतात मुख्यतः गाणाऱ्यासाठीं. त्या आधारावांचून गवई गाऊं शकणार नाहीं असें नाहीं, पण त्याच्या गाण्यांतली निश्चिंती जाईल. बेसवादकाच्या पेटीनें पहिल्यापासून दोन कामें केलीं: खर्ज श्रोत्यांना पोंचविणें, आणि वादकाला स्वतःच्या सुराचा आधार देणें. पहिलें काम गेलें, दुसरें गेलें नाहीं. खर्ज कानांनीं ऐकावा तितकाच तो छातीनें आणि पायांच्या तळव्यांनीं जाणवावा लागतो. कानांतल्या गुंडीला हें साधत नाहीं. म्हणूनच कांहीं वादकांना आतां पायांखालीं कंप देणारी चौकी घ्यावी लागते. शेजारचा ढोलवादकही त्याच कंपावर विसंबलेला असतो. शिवाय कानांतलें साधन निर्धोक आहे असेंही नाहीं. आपले कान बिघडले ते मुख्यतः स्टुडिओंतील कानाच्या यंत्रांमुळें, असें खुद्द टाउनशेंड यानेंच सांगितलें आहे. आणि जो सर्वस्वी यंत्रणेवर विसंबतो, तो दुसऱ्याच्या हातांत जातो. तार तुटली, मिक्सरवाल्याचें लक्ष चुकलें, कीं भरीव लांकडाची ती गिटार पुन्हां मुकी होते. पाठीशीं स्वतःचा आवाज असणें हें वादकाचें थोडें स्वातंत्र्यही आहे.

दोन्ही बाजू तोलून पाहतां निर्णय कठीण राहत नाहीं. ध्वनिवर्धक हवा, प्रचंड ध्वनिवर्धक नको. जेथें हजारों श्रोते आणि भव्य यंत्रणा आहे, तेथें मोठी पेटी निरुपयोगी आहे, कारण तिचें काम दुसरा करतो. जेथें पन्नास-शंभर माणसांचें दालन आहे, तेथें बहुधा बेसला मिक्सरमध्यें जागाच नसते. तेथें खर्ज पोंचविण्याचें जुनें काम वादकाच्या पेटीलाच करावें लागतें, पण त्या जागेला बी-१५ च्या मापाची पेटी पुरते. म्हणजे पेटीची खरी गरज सर्वांत लहान रंगमंचावर उरली आहे, आणि सर्वांत मोठ्या पेट्या तर जेथें त्यांचें कांहीं काम नाहीं अशा रंगमंचांवर, पुष्कळदां आंतून रिकाम्या, शोभेसाठीं उभ्या असतात. हल यानें बेताच्या आणि स्वच्छ आवाजाचा जो आग्रह धरला होता, त्याच्या जवळच जग मोठा फेरा घेऊन परत आलें आहे.

आपल्या मैफलींतही आतां गायकवादकांसमोर ध्वनिक्षेपक असतात, आणि एकानें आपला आवाज वाढवून मागितला कीं दुसरा त्याहून अधिक मागतो. तबला चढतो, मग पेटी चढते, मग गळा ताणला जातो. लंडनमधील १९६५ ची गोष्ट आपल्या सभागृहांत लहान प्रमाणांत घडत असते. तेव्हां स्वतःला ऐकूं येण्यापुरतें मागावें आणि श्रोत्यांचें काम ज्याचें त्याच्यावर सोपवावें, एवढा धडा या परक्या पेटीच्या इतिहासापासून घेण्यास हरकत नाहीं. यंत्रें बदलतील, आणखी हलकीं होतील. कान मात्र प्रत्येकाला जन्मास दोनच मिळतात, आणि ते बदलून मिळत नाहींत.